रुसायला जागा नाही

कैकेयीमुळे कोपगृहाचं नाव बदनाम झालं, पण सोय म्हणून ते उत्तमच होतं. दागिने फेकायचे, जमिनीवर पडून राहायचं आणि दशरथाची वाट पाहायची. फ्लॅटमध्ये हे काम आतली खोली करते, कधी गॅलरी, आणि फारच झालं तर स्वयंपाकघर; तिथे आदळायला भांडी हाताशी असतात. घराचं काम काढलं की पहिल्यांदा जाते ती ही सोय. फरशी नंतर फुटते.

आमच्या पुण्यातल्या इमारतीनं चाळिशी ओलांडली. जमिनीला ठिपक्यांचं मोझॅक, ओट्याला काळा कडाप्पा, भिंतींत गंजलेले लोखंडी पाइप. खालच्यांच्या छताला ओल आली तेव्हा इलाज उरला नाही. "घरातच राहून करून घेऊ, लक्ष राहतं," हे म्हणाले. मग अख्खा संसार एका बेडरूममध्ये शिरला. पलंगाच्या पायथ्याशी फ्रिज, खिडकीत मिसळणाचा डबा, ड्रेसिंग टेबलावर इंडक्शनची शेगडी. आरशात स्वतःकडे बघत आमटीला फोडणी देण्याचा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

अशा खोलीत भांडण धरत नाही. एका सकाळी टाइल्सच्या शेडवरून वाजलं. आयव्हरी आणि क्रीम हे दोन वेगळे रंग आहेत, हे मला दिसतं, यांना दिसत नाही. मी अबोला धरला. पण धरून जाणार कुठे? हॉलमध्ये गवंडी, स्वयंपाकघरात प्लंबर, जिन्यात डेब्रिजच्या गोण्या. पलंगावरच पाठ फिरवून बसले, तर पाच मिनिटांत यांना फ्रिजमधलं दूध हवं झालं. "अगं, जरा पाय वर घे." घेतले. "झाकण नीट लावा," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि संपला अबोला.

त्यात कामाची माणसं सगळं ऐकत असतात. मिस्त्रींनी तर एकदा दोघांना समोर उभं करून विचारलं, "भाभी, साहेब बोलले पांढरा, तुम्ही बोलले ग्रे. फायनल कोणाचं?" इतका रोखठोक प्रश्न सासर-माहेरच्या एकाही वडीलधाऱ्यानं आम्हाला कधी विचारला नव्हता. आम्ही एका सुरात म्हणालो, "संध्याकाळी सांगतो."

दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, असा सोसायटीचा नियम आहे. (पुण्यात हा लिहून का लावावा लागतो, कोण जाणे.) ग्राइंडर थांबला की कानांत एकदम पोकळी होते. आम्ही पोळीभाजी केंद्राचा डबा पलंगावर उघडायचो. पोळीवर धूळ बसू नये म्हणून हे वर्तमानपत्र धरायचे आणि त्यातलंच वाचून दाखवायचे.

सगळ्यात जीव अडकला होता बाथरूममध्ये. कोब्यावर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवलं, तेव्हा खालच्या काकू येताजाता छताकडे बघत होत्या. मग फरशी बसली आणि उताराची परीक्षा आली. मिस्त्रींनी दूरच्या कोपऱ्यात मगभर पाणी ओतलं. ते, त्यांचा बिगारी, हे आणि मी, चौघंही वाकून बघू लागलो. पाणी निघालं, एका सांध्यापाशी थबकलं, उगाच डावीकडे पसरलं आणि मग मुकाट जाळीत गेलं. "गेलं!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. मुलाच्या बारावीच्या निकालालाही आमचं एवढं एकमत झालं नव्हतं.

आता काम आटोपलंय. खोल्या रिकाम्या, दारांना नवी लॅचं. टाइल्स अखेर आयव्हरीच लागल्या. हे त्यांना क्रीम म्हणतात. परवा त्यावरूनच पुन्हा वाजलं. हे गॅलरीत गेले, मी आतल्या खोलीत, आणि भांडण चांगलं दोन दिवस टिकलं.

तुम्ही काम काढणार असाल तर एकच सांगते: दोन्ही बाथरूम एकदम फोडू देऊ नका. मिस्त्री आग्रह करतात.