सातबारेवाले साहेब

हिंजवडीतली नोकरी सोडून मावळात भात लावायला आलेला माणूस जूनच्या पहिल्या सरीतच ओळखू येतो. अख्खा गाव मेणकापडात आणि हे एकटे इरल्यात. असे चार-पाच गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. सगळे मिळून एकच होतात. गावही त्यांना एकाच नावानं ओळखतं : साहेब.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला माणूस आधीच शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्यातली ही गंमत साहेबांना जमीन पसंत केल्यावर कळली. मग साताऱ्याकडचे विस्मरणात गेलेले चुलते एकाएकी प्रिय झाले आणि आजोबांच्या सातबाऱ्यावर वारसांच्या भाऊगर्दीत यांचंही नाव लागलं. वाट्याला येतो सव्वा गुंठा. त्याच्या जिवावर इकडे दोन एकर झाली. नवा सातबारा लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलाय, देवांच्या जरा वर.

भात अर्थातच इंद्रायणी. चारसूत्री लावणी साहेबांना तोंडपाठ : एक अंतर १५ सेंटीमीटरचं, पुढचं २५ चं. शास्त्र बिनचूक आहे. पण भर पावसात गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईला सेंटीमीटर दिसत नाहीत. साहेब टेप घेऊन खाचरात उतरले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्ही बांधावरनं मोजा. पायाखाली रोपं जात्यात."

रासायनिक खत वर्ज्य, म्हणून जीवामृत. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. शेजारचे तात्या पिंपात डोकावले. "साहेब, एवढ्यात घरादाराचे लाडू झाले असते."

शेण देशी गाईचंच हवं, म्हणून गीर गाय आली. वासरू तोंडाशी असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, हे साहेबांनी व्हिडिओत पाहिलं होतं. पाठीमागून लाथ कुठवर पोचते हे व्हिडिओत नव्हतं. आता धार वहिनी काढतात आणि साहेब वासरू धरतात. घरच्या दुधाचा लिटरमागे खर्च त्यांनी एकदा एक्सेलमध्ये काढला. ती फाइल पुन्हा उघडलेली नाही.

कोंबड्यांचं फार सांगत नाही. एकवीस दिवस अंडी उबवली कोंबडीनं, पिल्लं नेली मुंगसानं.

शेळ्यांचं मात्र सांगायलाच हवं. उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते, बरेचदा जुळी देते. कागदावर यासारखा धंदा नाही. पण साहेबांच्या कागदात त्यांची नऊ वर्षांची लेक धरलेली नव्हती. तिनं प्रत्येक करडाचं बारसं केलं. व्यापारी आला, त्यानं थोरला बोकड दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतला, नोटा मोजल्या. तेवढ्यात ही पुढे झाली. "काका, याचं नाव बाजीराव आहे. त्याला अंधाराची भीती वाटते, रात्री दिवा चालू ठेवाल ना?" त्या भल्या माणसानं बोकड हळूच खाली ठेवला आणि नोटा परत खिशात घातल्या. बाजीराव तेव्हापासून निवृत्तिवेतनावर आहे. हापूसची सगळी कलमं त्यानंच खाल्ली.

दिवाळीच्या तोंडावर भात कापणीला आला आणि एका रात्रीत रानडुकरांनी खालचं खाचर लोळवलं. साहेब पहिल्यांदाच चहाच्या टपरीवर जाऊन बसले आणि सरकारला मनसोक्त शिव्या देऊन आले. वहिनी सांगतात, त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

परवा जुन्या ऑफिसातला एक मित्र जमीन बघायला आला होता. साहेबांनी त्याला गाय दाखवली, पिंप दाखवलं, नव्या तांदळाचा वास दिला. लोळलेल्या खाचराकडे त्याचं लक्ष गेलं, तसे साहेब म्हणाले, "ते मुद्दाम पडीक ठेवलंय. मातीला विश्रांती." मित्रानं तात्यांकडे पाहिलं.

"व्हय, विश्रांतीच," तात्या म्हणाले. पलीकडची एकर त्यांनाच विकायची आहे.