टॉवेल-टोपीचा पुरावा

इंद्रवेल्लीच्या सोमवारच्या बाजारात भाव तेलुगूत सांगितला जातो, घासाघीस मराठीत होते, घ्यावं की नाही याची मसलत गोंडीत चालते आणि भांडण लागलं की सगळे हिंदीवर येतात. भाजी, मिरच्या, कोंबड्या, दोरखंड, खुरपी ओलांडून पुढं गेलं की टोकाला एक ताडपत्री लागते. ज्या वस्तूंचा जोडीदार हरवलाय त्या सगळ्या तिच्यावर मांडलेल्या असतात. टीव्ही नसलेले रिमोट, मिक्सर नसलेली भांडी, चार्जर नसलेले मोबाइल आणि मोबाइल नसलेले चार्जर. हल्ली त्यांच्या पंगतीत तीन व्हीसीपी येऊन बसलेत. एक सहाशेला. तिन्ही उचलले तर हजारात.

"घ्या सार," दुकानदार म्हणतो, "एक चालवायला, दोन स्पेअरला. नाही गेले तर पौष अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेत नेणार. तिथं भाव वेगळा."

नव्या पोरांसाठी सांगतो. व्हीसीपी म्हणजे व्हिडिओ कॅसेट नुसती दाखवणारं मशीन. टीव्हीवरचं टिपूनही घेणारा तो व्हीसीआर, तो मोठ्या घरचा. आमच्या भागात दोघंही आले ते बहुतेक आखातातून. निर्मल, निझामाबाद, करीमनगरकडची माणसं दुबई-मस्कतला कामाला जायची आणि सुट्टीला येताना ब्लँकेट, अत्तर आणि खोक्यातला व्हीसीपी घेऊन उतरायची. मग तो गावोगाव रात्रीच्या भाड्यानं फिरायचा. कापसाचा पैसा हातात आला की बारसं, जावळ, दहावा सोडून कुठल्याही निमित्तानं "व्हिडिओ आणायचा" बेत ठरे. रंगीत टीव्ही, मशीन आणि तीन कॅसेट असा ऐवज यायचा, सोबत सेंटरवाल्याचा एक पोऱ्या. त्या रात्री त्या पोऱ्याचा मान गावच्या पटलापेक्षा मोठा. मशीनला हात फक्त त्याचा. पहिला सिनेमा देवाचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा. तिसरा लागेपर्यंत सगळं अंगण आडवं झालेलं असायचं आणि भाडं वाया जाऊ नये म्हणून घरमालक एकटा डोळे ताणून बसायचा.

मराठी सिनेमा पाहायचा तो याच वाटेनं. १९९१ चा 'माहेरची साडी' आमच्यापर्यंत आला तोवर कॅसेट इतकी झिजली होती की पडद्यावर पाऊसच पाऊस. बायांची काही तक्रार नव्हती. त्यांना तसंही डोळ्यांतल्या पाण्यामुळं नीट दिसत नव्हतं.

आता हे सगळे सिनेमे फोनवर बोटाच्या टोकाला आहेत. तेव्हा सिनेमासाठी व्हीसीपी घ्यायचा, हा विचार ज्याच्या डोक्यात येईल त्यानं उन्हातून सावलीत यावं. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो आमच्या लोखंडी पेटीत, शालूच्या घडीखाली पडलेला आहे. आमच्या लग्नाची कॅसेट.

लग्न १९९४ चं. त्या मांडवात माझ्या मामांना टॉवेल-टोपी मिळाली की नाही, हा वाद तेव्हापासून दोन्ही घराण्यांत तेवत ठेवला गेला आहे. मामा म्हणतात, मिळाली नाही. सासरचे म्हणतात, पहिला मान त्यांचाच झाला. टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला. मामा म्हणतात, नारळ मिळाला. म्हणजे नारळापुरतं एकमत आहे. पुढं मामा न जेवता उठले, असं आमच्याकडं सांगतात. ते जेवून उठले, दोनदा जिलेबी घेतली आणि मग रुसले, असं सासरी सांगतात. साक्षीदार बरेच वर गेले, उरलेल्यांना आता आठवत नाही आणि ज्यांना आठवतं ते तेव्हा पाळण्यात होते. निखळ पुरावा एकच. ती कॅसेट.

व्हिडिओवाल्यानं मोठ्या हौसेनं मिक्सिंग केलं होतं. नवरीचा चेहरा गुलाबात, नवऱ्याचा चंद्रात. गुलाब भरघोस होता. माझा चंद्र कानाशी थोडा कापला गेला होता. पण मानपानाचा भाग त्यानं अख्खा घेतला आहे, यावर आमच्या हिचा ठाम विश्वास. "अहो, सहाशे रुपयांत इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडत असेल तर महाग काय आहे त्यात?" खोटं कुणाचं, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मेलेल्या जातीचं मशीन स्वस्तात मिळतंय तर घ्यावं का, हा पेच जगात माझ्या एकट्यावर आलेला नाही. २००८ मध्ये अमेरिकेत हजारो घरांत हाच खल चालला होता. ब्लू-रेशी झुंज देणारी तोशिबाची एचडी डीव्हीडी त्या वर्षी १९ फेब्रुवारीला रिंगणाबाहेर पडली आणि उरलेले प्लेअर मातीमोल झाले. घ्या म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. ते मशीन साध्या डीव्हीडीही चालवायचं आणि झकास चालवायचं. म्हणजे एक धंदा बुडाला तरी हाताशी दुसरा होता. आमच्या व्हीसीपीला दुसरा धंदा नाही. त्याच्या पोटात व्हीएचएस कॅसेट गेली तर ठीक, नाही तर वर फुलदाणी ठेवायची. (नुसती व्हीसीडी चालवणारं मशीन तर फुकट दिलं तरी घेऊ नका. मोझर बेअरच्या अठ्ठावीस रुपयांवाल्या व्हीसीडी कपाटात असतील तर त्या कुठल्याही डीव्हीडी प्लेअरवर चालतात.)

बरं, व्हीएचएस हीसुद्धा काही गुणांवर जिंकलेली नव्हे. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, व्हीएचएस त्यानंतर वर्षभरानं आलेली. चित्र बीटाचं सरस, असं जाणकार आजही सांगतात. पण पहिल्या बीटा कॅसेटमध्ये तासभर मावायचं, व्हीएचएसमध्ये दोन तास, आणि आपल्याकडं आली ती तीन तासांची. तीन तासांत हिंदी सिनेमा गाण्यांसकट बसतो. चित्र कितीही देखणं असो, शेवटची मारामारी दुसऱ्या कॅसेटमध्ये गेली असती तर आमच्या अंगणात दंगल झाली असती.

२०१६ हे साल या बाबतीत फारच क्रूर निघालं. मार्चमध्ये सोनीनं बीटाच्या कॅसेट बंद केल्या. जुलैमध्ये जपानच्या फुनाईनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. हीच ती फुनाई, जिचं नाव आखाती खोक्यांवर वाचून आमच्या पिढीनं इंग्रजी अक्षरं गिरवली, आणि जगात व्हीसीआर बनवणारी तीच शेवटची उरली होती. आधीच्या वर्षातही त्यांचे साडेसात लाख नग खपले होते, पण सुटे भाग मिळेनात. सप्टेंबरमध्ये जिओ आलं. ऑक्टोबरमध्ये आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. त्या गडबडीत व्हीसीपीला रडायला कुणाला सवड असणार?

सुटे भाग मिळत नाहीत म्हणूनच दुकानदाराचं "दोन स्पेअरला" हे बोलणं नुसतं गिऱ्हाइकी नाही. आमची ही मात्र म्हणाली, "तीन म्हाताऱ्यांचा मिळून एक तरणा होतो का कुठं?" होतो. इथं तरी तोच एक मार्ग आहे.

दुकानदारानं स्क्रू काढून एकाचं झाकण उघडलं. आत मधोमध तिरका बसवलेला चकचकीत ड्रम. चालू असताना तो सेकंदाला पंचवीस फेरे घेतो आणि त्याच्या कडेला बसवलेली हेडं डोळ्यांना धड दिसतही नाहीत. चित्र वाचतात ती हीच. ती पुसायची तर फडक्याला स्पिरिट लावून, आणि बोट आडवं फिरवायचं; वर-खाली फिरवलं की हेड तुटलंच म्हणून समजा. ड्रम ठीक दिसला. मग मी खालच्या रबरी पट्ट्याला बोट लावलं. पट्टा बोटालाच आला, काळाकुट्ट, चिकट, वितळून गेलेला. टेप ओढणारा रबरी रोलर घासून गुळगुळीत झालेला. असा रोलर कॅसेट चालवत नाही, खातो. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटर टेप असते. मामांचा टॉवेल त्यात नेमका कुठल्या मीटरवर आहे कोण जाणे, पण मशीन आधी तेवढाच खाणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

घरी येऊन मी कॅसेट उजेडात धरली. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी जाळी दिसली. बुरशी. आमच्याकडचा पावसाळा आणि लोखंडी पेटी, दुसरं काय होणार. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढं लागेल त्या कॅसेटला जाते. तिथून हिशेब वाढतच गेला. नव्या टीव्हीला ती पिवळी-लाल-पांढरी भोकंच नाहीत, म्हणून कन्व्हर्टर. पट्टा, रोलर, मेकॅनिकची मजुरी. आणि असा मेकॅनिक शोधण्यासाठी आदिलाबादच्या खेपा. सहाशेचं मशीन मला बसल्या जागी दोन हजारांच्या पलीकडं दिसू लागलं.

भाचा म्हणाला, "मामा, त्यापेक्षा स्टुडिओत द्या, पेनड्राइव्हवर उतरवून देतात." शहाणा सल्ला. हिनं तो पहिल्याच फेरीत पाडला: "म्हणजे आपल्या आधी स्टुडिओवाला बघणार? आणि गावभर करणार?" राहिलेलं काम मामांनी केलं. त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "पेनड्राइव्ह मला चालणार नाही. कॉम्प्युटरवर आजकाल टॉवेलही घालता येतो. मूळ कॅसेट माझ्यासमोर लावा, मी येतो." ऐंशीच्या घरातल्या माणसाला बनावट व्हिडिओची इतकी चोख जाण असेल, असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हा सगळ्या बाजूंनी विचार करून मी काढलेला निकाल असा. घरात अशी एखादी कॅसेट असेल जिची दुसरी प्रत जगात नाही, तर व्हीसीपी जरूर घ्या, दोन घेतले तरी चालतील. नसेल तर हजाराला तीन काय, हजार देऊन तीन दिले तरी घेऊ नका. बाजारात करंटला लावून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. पहिल्यांदा घरची कॅसेट घालू नका, एखाद्या बिनकामाच्या सिनेमाची घाला. बुरशी आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. आणि चित्र आलंच तर कौतुकानं पुन्हा पुन्हा लावत बसू नका, त्याच बैठकीत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कारण टेप दर खेपेला झिजते.

आणि ज्यांच्या कॅसेटमध्ये आमच्यासारखा एखादा मामा असेल त्यांना वेगळं सांगणं आहे. त्यांनी मशीनच्या भानगडीत पडूच नये. मामांना जेवायला बोलवावं आणि कापडाच्या दुकानातून टॉवेल-टोपी आणावी. तिचं उत्पादन अजून बंद झालेलं नाही, ती सहाशेच्या आत येते आणि तिला कन्व्हर्टर लागत नाही.