मंगळावर बॅटरी कुणी धरायची?

शिरूर तालुक्यात प्रत्येक गोष्टीचा एक जुना जाणकार असतो. कांद्याचा असतो, बैलांचा असतो, तमाशाचा असतो, आमदारकीचा तर गल्लोगल्ली असतो. त्याला ओळखणं सोपं आहे. सध्या जे चाललंय त्यात काही राम उरलेला नाही, हे तो चहा यायच्या आत सांगून मोकळा होतो. मामा याच घराण्यातले. फक्त त्यांचा विषय डूम आहे.

डूम हा संगणकावरचा गोळीबाराचा खेळ. मंगळाच्या चंद्रांवर एका कंपनीचा तळ असतो, तिथं नको तो प्रयोग होतो, नरकाचं दार उघडतं आणि आत घुसलेल्या राक्षसांना एक एकटा शिपाई निपटत जातो. शिपायाला नाव नाही. टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो आणि मंडळींनी १० डिसेंबर १९९३ ला हा खेळ काढला आणि तीनपैकी पहिला खंड चक्क फुकट सोडला. कॉपी करा, मित्रांना द्या, आमची हरकत नाही. 'फुकट' आणि 'हरकत नाही' एवढ्यावर जी वस्तू शिरूरला पोचणार नाही ती कुठंच पोचणार नाही. पंचाण्णव सालच्या सुमारास कॉम्प्युटर क्लासात वर्डस्टार शिकायला गेलेले मामा फ्लॉपीवरचा डूम शिकून घरी आले. वर्डस्टार राहिलं ते राहिलंच.

तेव्हा ते कुणाचे मामा नव्हते. पुढं बहीण दौंडला दिली, भाचा झाला, भाच्याच्या मित्रांनी मामा म्हणायला सुरुवात केली आणि आता रांजणगावच्या एमआयडीसीत त्यांच्या शिफ्टची पोरंही मामाच म्हणतात. पन्नाशी उलटली आहे. चष्मा दोन नंबरांचा आहे. पण डूमचा विषय निघाला की माणूस ताठ बसतो.

पहिल्या डूममध्ये वर-खाली बघता येत नाही आणि उडी मारता येत नाही. जगाच्या लेखी ही त्या काळच्या यंत्रांची मर्यादा. मामांच्या लेखी तो शिपायाचा स्वभाव. "आपला गडी वर बघत नाही. का बघंल? वरचा राक्षस समोर आला की आपोआप गोळी लागती. आणि उडी? उडी माकडं मारतात." हे ते इतक्या गांभीर्यानं सांगतात, की ऐकणाऱ्यालाही आपण आयुष्यात उगाच उड्या मारल्या असं वाटू लागतं.

घरात या खेळाचा दुसरा अभ्यास मामींचा आहे, आणि तो मामांपेक्षा निर्मळ आहे. पडद्याच्या खालच्या पट्टीत मधोमध शिपायाचं तोंड दिसायचं. ते डावीकडं बघायचं, उजवीकडं बघायचं, मार बसला की रक्तबंबाळ व्हायचं. नव्या नवरीनं पहिल्यांदा ते पाहून विचारलं होतं, "ह्यो सारखा इकडं-तिकडं का बघतोय? कुणाची वाट बघतोय का?" पुढच्या प्रत्येक भागाला मामींनी दाराशी उभं राहून एकच परीक्षा लावली : तोंडवाला आहे का? तिसऱ्या भागात तो नव्हता. मामी म्हणाल्या, "मग काय उपयोग," आणि भाकरी टाकायला गेल्या. मामांचं परीक्षण त्यानंतर तासभर चाललं. निष्कर्ष तोच निघाला.

दुसरा भाग ऑक्टोबर १९९४ चा. यात राक्षस पृथ्वीवर येतात, आणि शिपायाच्या हातात दोन नळ्यांची बंदूक येते. मामांना तो पाहायला उशीरच झाला, पण तक्रार ताजी होती. "हे म्हणं शहर. ना एसटी स्टँड, ना टपरी. नुसत्या भिंती!" शेवटच्या राक्षसाच्या डोक्यात, भिंतीमागं, खुद्द रोमेरोचं मुंडकं काठीवर लावलेलं आहे, ही सहकाऱ्यांनी केलेली चेष्टा. ती मामा नव्या माणसाला अशी सांगतात, जणू मुंडकं लपवताना ते स्वतः तिथं दिवा धरून उभे होते.

आणि मग आला तिसरा. ३ ऑगस्ट २००४. मामांच्या आयुष्याचे दोन भाग करायचे तर इथं रेघ मारावी लागेल.

दहा वर्षं वाट पाहिली होती. कथा सन २१४५ ची, मंगळावरची. मामांनी त्यासाठी नवं कार्ड घातलं, माडीवरच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलं आणि बसले. तासाभरात खाली आले ते कपाळावर आठ्या घेऊन. तिसऱ्या डूममध्ये काळोख मिट्ट, आणि त्यात शिपायानं बॅटरी धरली की बंदूक ठेवावी लागते, बंदूक धरली की बॅटरी ठेवावी लागते. दोन्ही एकदम नाही. खेळणाऱ्याला भीती वाटावी म्हणून कंपनीनं ते मुद्दाम केलं होतं. पण हे शिरूर तालुक्यात कुणाला सांगणार? इथं शेतीपंपाला रात्रीची लाईट. माणूस रात्री दोनला उसात दारं धरायला जातो. उसात बिबट्या असू शकतो, आणि पुष्कळदा असतोच. तरी त्याच्या एका हातात खोरं असतं, दुसऱ्या हातात काठी, आणि बॅटरी उपरण्यानं डोक्याला बांधलेली असते.

"एकवीसशे पंचेचाळीस साल!" मामा म्हणाले. "मंगळावर पोचली माणसं, नरकापर्यंत रस्ता काढला, आणि बॅटरी बांधायला सुतळी न्हाई? आमच्या गड्याला कळतं ते त्या शास्त्रज्ञांना कळत न्हाई?"

हे वाक्य त्यांनी कंपनीच्या बसमध्ये म्हटलं, न्हाव्याकडं म्हटलं, रांजणगावच्या महागणपतीच्या रांगेत अनोळखी माणसाला म्हटलं. त्या माणसानं ऐकून घेतलं. देवाच्या रांगेत माणूस सगळं ऐकून घेतो. भारनियमन तेव्हा जोरात होतं. एकदा खेळता खेळता लाईट गेली, तर मामांना ते लवकर कळलंच नाही, कारण पडद्यावर तसाही अंधारच होता.

गंमत अशी, की जगभरच्या खेळाडूंनी हीच बोंब मारली होती. कुणी तरी बंदुकीला बॅटरी चिकटवणारी जोडणी लगोलग केली आणि तिचं नावच 'डक्ट टेप' ठेवलं. पुढं २०१२ मध्ये कंपनीनं तिसरा भाग सुधारून पुन्हा काढला, त्यात बॅटरी थेट चिलखतावर बसवली. ती बातमी मामांनी तालुक्याच्या विजयासारखी सांगितली. त्यांचं म्हणणं कंपनीपर्यंत कसं गेलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आणि सुधारलेला भाग खेळून मामा काय म्हणाले? "आता अंधाराची भीतीच गेली. पहिल्यात ती मजा होती."

इथं आपल्याला या जातीचं मर्म सापडतं. नवा भाग वाईट असतो, आणि तो वाईट राहतो ते फक्त पुढचा भाग येईपर्यंत. मग तो एका रात्रीत अभिजात होतो. भाच्याच्या हे लक्षात आलं, आणि दौंडचं पोरगं असल्यामुळं त्यानं हिशेब ठेवला. जंक्शनवरच्या माणसाला गाडी कधी आली आणि कधी गेली हे लक्षात ठेवायची सवय असते.

मे २०१६ मध्ये नवा डूम आला तेव्हा मामांनी त्याला सांगितलं होतं, "ह्यो डूम न्हाई, वरात हाय. मागं डीजे, आणि प्रत्येक राक्षसाला दोन हातांनी फाडत बसायचं. वेळ हाय का?" मार्च २०२० च्या २० तारखेला 'डूम इटर्नल' आला. दोन दिवसांनी जनता कर्फ्यू, मग टाळेबंदी. कारखाना बंद, बस बंद, नगर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मामा माडीवर. दौंडला फोन रोज. "सोळाच्या भागात काय तोल होता रे! संगीत म्हणजे मिक गॉर्डनचं. आणि ह्यात काय? काडतुसं संपली की राक्षस करवतीनं काप, तवा काडतुसं पडणार. चिलखत पायजे तर त्याला पेटव. लढाई हाय का रोजगार हमी? त्यो एक कुऱ्हाडवाला. त्याचे डोळे हिरवे झाल्याशिवाय मारायचं न्हाई म्हणं. शिक्रापूरच्या चौकात हिरव्याला कुणी विचारत न्हाई, आणि मी मंगळावर थांबू?"

पण सगळ्यात मोठा घाव वेगळाच होता. उडी मारायला शिपाई आधीच्या भागांतच शिकला होता, पण आता त्याचा पाय जमिनीला लागेना. एक उडी, हवेतल्या हवेत दुसरी, आणि मग भिंतीला चिकटून वर चढला. मामांनी फोनवर ही बातमी अशा आवाजात दिली, की बहिणीला वाटलं घरात काही तरी झालं.

मग १५ मे २०२५ ला 'द डार्क एजेस' आला. शिपायाच्या हातात ढाल, बसायला ड्रॅगन, आणि हवेतली दुसरी उडी बंद. पाय रोवून लढायचं. शिवाय हा भाग किरणांचा हिशेब करणाऱ्या नव्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालूच होत नाही. मामांनी कार्ड घेतलं. मामी म्हणाल्या, त्या पैशात गोठ्याचे पत्रे झाले असते. खरं होतं ते. आता तरी मामा खूश व्हायला हवेत, कारण हवेतल्या ज्या दुसऱ्या उडीला शिव्या घातल्या ती गेली होती. भाचा मुद्दाम दौंडहून पारगाव-न्हावरा करत मोटरसायकलवर आला आणि हातपाय धुऊन समोर बसला.

"कसाय मामा?"

"त्यात काय न्हाई. गडी नुसता ढाल घिऊन उभा. इटर्नलमध्ये उडी होती रे! उडी काय, दोन-दोन उड्या! अंगात पाणी असल्यासारखा फिरायचा."

भाच्यानं मोबाइलमध्ये जपून ठेवलेला २०२० सालचा आवाज लावला. मामांनी तो पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "तवा मी घाई केली नव्हती. तवा त्यो भाग तसाच होता."

हे रक्तातलंच असावं. मामांचे वडील बैलगाड्याचे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा आबांनी जेवण सोडलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा घाटावर जाऊन आले आणि म्हणाले, बैलांत दम राहिला नाही. तिकडं दौंडला दाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडात काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. त्यात वेळ जायचा, प्रवासी कावायचे, आणि दाजीही नोकरीभर कावले. आता कॉर्ड लाईन झाली, काही गाड्या बाहेरच्या बाहेर निघून जातात. दाजी उसासा टाकतात. "इंजिन फिरायचं तेव्हा स्टेशनला स्टेशनपण होतं." मामांना हे ऐकून हसू येतं. जुन्या गोष्टी धरून बसणारी माणसं त्यांना मुळीच आवडत नाहीत.

एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. मामा नावं ठेवतात ती पदरचे पैसे घालून, शेवटपर्यंत खेळून, आणि सगळ्यात अवघड पातळीवर. न खेळता मत देणाऱ्यांची त्यांना चीड आहे. "फुकट फक्त पहिला खंड होता," ते म्हणतात, "बाकी शिव्या विकत घ्याव्या लागतात." मतं बदलतात, निष्ठा बदलत नाही. कारखान्यात एखाद्या पोरानं आपण डूम कधी पाहिलाच नाही म्हटलं, तर मामा त्याला शिव्या देत नाहीत. त्याला घरी बोलावतात, चहा देतात आणि १९९३ चा भाग लावून देतात. पोरगं खेळतं, मामी दाराशी येऊन तोंडवाल्याकडं बघून जातात, आणि मामा मागं उभे राहून दर दाराआधी सांगतात की आत काय आहे. अशानं खेळाची मजा जाते, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. बॅटरीच्या बाबतीत मामा शंभर टक्के बरोबर होते. बाकी, सगळ्यांत सरस भाग १९९४ चा, दोन नळ्यांच्या बंदुकीचा. हे शेवटचं वाक्य शिरूर तालुक्यात कृपया मोठ्यानं वाचू नये.