भाच्याचं सबस्क्रिप्शन

महाडच्या एस.टी. स्टँडपासून पोलादपूरच्या बाजारापर्यंत कुठल्याही दुकानात छापील बिल हातात पडलं, तर त्यामागे भाऊंचं बिलिंग सॉफ्टवेअर असण्याचा संभव दाट. भाऊंना ओळखत नाही असा दुकानदार नाही, आणि भाऊंचे पैसे पुरते चुकते केलेत असाही नाही. असा एक भाऊ हल्ली प्रत्येक तालुक्याला असतोच. खांद्याला लॅपटॉपची बॅग, खिशात पेन ड्राइव्हची जुडी, आणि ‘भाऊ, सिस्टिम अडकली’ असा फोन आला की समोरचं ताट झाकून गाडीला किक.

भाऊंचं भांडवल म्हणजे हिंजवडीतला भाचा. कंपनीने त्याला मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओचं, म्हणजे सॉफ्टवेअर घडवायच्या अवजारांचं, सबस्क्रिप्शन दिलंय. भाऊंनी त्याच्याकडून लॉगिन मागून घेतलं. “भाच्याचं ते आपलंच.” एस.टी.चा पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा, हे भाऊंना मान्य आहे. पण एस.टी.त कंडक्टर असतो. महाडात मायक्रोसॉफ्टचा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

कुणी हटकलंच तर उत्तर तयार. “मी केलेलं मी विकायचं नाय?” अहो, विका की! विकायला कुणाचीच ना नाही. त्या अवजारांनी घडवलेला माल घडवणाऱ्याचाच. अट वेगळीच आहे. सबस्क्रिप्शन ज्याच्या नावावर, त्यानेच ते वापरायचं. आणि त्यातून मिळालेली सॉफ्टवेअर वापरायची ती फक्त माल घडवायला, तपासायला, गिऱ्हाइकाला करून दाखवायला. रोजचा धंदा त्यांच्यावर हाकायचा नाही. भाऊ नेमके पतपेढीच्या काउंटरवर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्ती बसवून मोकळे होतात. महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीतलं सगळं तिच्यात आहे, आणि 2016 पासून ती फुकट आहे. ती प्रत्यक्ष कामकाजासाठी नाही, असं पुढे लिहिलंय. पण ‘फुकट’ वाचल्यावर पुढचं वाचत बसायला भाऊंना वेळ कुठला?

गंमत म्हणजे यातलं काहीच करायची गरज नव्हती. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्याने काम करणाऱ्याला फुकट आहे, आणि तिच्यावर केलेलं विकायची मुभाही आहे. 250 हून अधिक संगणक किंवा वर्षाला 10 लाख डॉलरांहून जास्त उलाढाल असलेल्या संस्थांना ती सवलत नाही. भाऊ त्या आकड्याला पोचायचे तर महाडची अख्खी एमआयडीसी त्यांच्या नावावर व्हावी लागेल. डेटाबेसलाही एक्स्प्रेस आवृत्ती आहे, फुकट आणि रोजच्या धंद्याला चालणारी. 2022 च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा, एवढंच. भाऊंना ती मर्यादा कमीपणाची वाटते. पोलादपूरच्या किराणा दुकानाची उधारी 10 जीबीच्या वर गेलीच, तर दुकानदाराने संगणकाच्या आधी वकील गाठावा, असं माझं मत आहे.

बॅकअपच्या बाबतीत मात्र भाऊंना तोड नाही. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत घुसलं आणि दुकानांतले संगणक गाळात गेले. तेव्हापासून भाऊ गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरची एक प्रत माळ्यावर ठेवायलाच लावतात. नुकसानीच्या भीतीपोटी अशी राखीव प्रत काढायला कॉपीराइट कायद्याचीही परवानगी आहे, आणि ही तरतूद भाऊंना तोंडपाठ.

त्याच कायद्यातलं आणखी एक कलम त्यांना पाठ आहे, ते स्वतःच्या मालापुरतं. भाऊंचं बिलिंग एका मशीनवर म्हणजे एकाच मशीनवर. दुकानात दुसरं काउंटर टाकलं की वेगळे पैसे. महाडच्या एका दुकानदाराने ते पोलादपूरला मेव्हण्याच्या दुकानात चढवून दिलं. भाऊंना कळलं मात्र, भर पावसात गाडी पोलादपूरला.

“चोरी हाय ही! कलम 63-ब! सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत आत, वर पन्नास हजार ते दोन लाख दंड!”

कलम अगदी बरोबर सांगितलं होतं. ते सांगताना हिंजवडीच्या भाच्याची आठवण मात्र त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसली नाही.

मेव्हण्याने काट्यावर तांदूळ ओतले, पिशवीला गाठ मारली आणि वर पाहिलं.

“सात दिवसच ना भाऊ? मग गणपती तेवढे होऊ द्या.”