विषय : मेंदूची वाढ सहाव्या वाढदिवसापर्यंत स्थगित ठेवणेबाबत

प्रति,
चि. मेंदू, वय वर्षे 3,
जिल्हा नागपूर.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपली वाढ शासकीय नियमांच्या मानाने फारच घाईने चालली आहे. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत उरकते, हे खुद्द सरकारनेच राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये लिहून ठेवले आहे. बाब गंभीर आहे. कारण 2009 चा शिक्षण हक्क कायदा आपली दखल सहाव्या वर्षापासून घेतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 31 मधले मोफत शिक्षणही 6 ते 18 याच वयासाठी, आणि दिव्यांगत्व किमान 40 टक्के भरले तरच. त्याच्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत. ‘अजून बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही’ एवढाच विकासातला विलंब त्यात वेगळा नोंदलेला नाही. सबब, उशीर करायचाच असेल तर आधी त्याचे नाव ठरवून घ्यावे.

आम्ही काहीच करत नाही, असा गैरसमज नसावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येण्याची तरतूद आहे. शंका आली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. थेरपी मात्र एका चिठ्ठीत संपत नाही. आठवड्यामागून आठवडे जावे लागते. त्यासाठी रामटेकच्या किंवा भिवापूरच्या आईने रोजी बुडवावी, मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात आपणांस कडेवर घेऊन एसटी धरावी. तेवढा व्यायाम आरोग्यास हितकारक आहे.

थेरपिस्टने दाखवलेला सराव अंगणवाडीत रोज कोण करून घेणार, असे आपण विचाराल. सेविकाताई आहेत ना! केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. वजन-उंची, गरम आहार, गृहभेटी आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप सांभाळून उरलेल्या वेळात ताई आपल्याकडेही बघतील. विशेष शिक्षकाचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधल्या आदेशानंतर केंद्राने 2022 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 मागे एक असे प्रमाण ठरवले. अंगणवाडीसाठी प्रमाणच नाही, त्यामुळे पद रिक्त असल्याची तक्रारही उद्भवत नाही.

तूर्तास ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला होता’ हे आजीचे प्रमाणपत्र वापरावे. ते विनाशुल्क असून घरपोच मिळते.

तरी सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत आपण वाढू नये. वाढल्यास, अथवा वाढायचे राहून गेल्यास, जबाबदारी सर्वस्वी आपली राहील.

आपला विश्वासू,
कार्यासन अधिकारी,
उद्या-बघू विभाग

प्रत माहिती व कार्यवाहीस्तव : हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला येणारे सर्व सन्माननीय आमदार.

मेंदू हे पत्र मानणार नाही. तेव्हा आमदारहो, बदलायचे ते तुम्हीच बदला. विशेष शिक्षणाचा हक्क तिसऱ्या वर्षापासून द्या, निदानाचे नाव आणि टक्केवारी ठरेपर्यंत मुलाला ताटकळत ठेवू नका, आणि अंगणवाड्यांच्या प्रत्येक बीटला (गटाला) निदान एक विशेष शिक्षक नेमा.