हळदीची हातची किंमत कशी ठरवावी?

हळद उत्पादकाला बेणं निवडण्यापासून पॉलिशच्या ड्रमपर्यंत सल्ला देणारे हिंगोली जिल्ह्यात पुष्कळ आहेत. हर्राशीत मालाची हातची किंमत, म्हणजे ज्याखाली द्यायचंच नाही तो आकडा, कसा काढावा हे मात्र कुणी सांगत नाही. प्रचलित रीत अशी: बेणं, खत, काढणी, शिजवणं यांची बेरीज करावी, तीत बँकेचा हप्ता आणि घरातलं ठरलेलं लग्न मिळवावं, गेल्या साली शेजाऱ्याला मिळालेला भाव आठवून आकडा वरच्या हजारात न्यावा. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मानांकनाचेही थोडे पैसे यात धरायला हरकत नाही. असा आकडा अत्यंत न्याय्य असतो. दोष एवढाच, की खरेदीदाराला त्यातलं लग्न दिसत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती: बोली कुठून सुरू व्हावी आणि माल कितीखाली सोडू नये, हे दोन आकडे वेगळे ठेवा. सुरुवातीचा आकडा गिऱ्हाईक गोळा करण्यासाठी असतो. तो चढा ठेवला की दोघे-तिघे ढिगातली कांडी मोडून बघतात आणि पुढच्या ढिगाकडे जातात. बुलो आणि क्लेम्पेरर या अर्थशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये गणिताने दाखवलं, की अगदी अचूक राखीव किंमत ठरवण्यापेक्षा लिलावात एक खरा स्पर्धक वाढवणं विकणाऱ्याला बहुधा जास्त फायद्याचं ठरतं. 2016 मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या ऑनलाइन शेतमाल बाजाराचा हेतूही हाच: बोली मोबाईलवर आली तर बाहेरगावचा व्यापारीही मोंढ्यात उभा राहिल्यासारखाच.

यावर आक्षेप येईल, की बोली खालून सुरू केली आणि खरेदीदारांनी आधीच चहावर भाव ठरवला असेल तर? आक्षेप रास्त आहे. बुलो-क्लेम्पेररचं गणितही खरेदीदार एकमेकांशी भांडतात असं धरूनच चालतं. चहा त्यात नाही. जिथे बोली लावणारे मोजके, तिथे हातची किंमत हवीच. ई-नामवर शेतकऱ्याला शेवटची बोलीही नाकारता येते. पण नाकारल्यावर काय? हळद परत पोत्यांत भरायची, हमाली द्यायची, ट्रॅक्टरचं परतीचं भाडं द्यायचं आणि पुढच्या आठवड्यात हेच पुन्हा. ही बेरीज खरेदीदाराला तोंडपाठ असते, त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडच्या किमतीतून तो ती आधीच वजा करतो. सारांश, ज्याची माल परत नेण्याची तयारी नाही, त्याची हातची किंमत ही केवळ इच्छा आहे.

याचा उत्तम पुरावा सरकार स्वतः देतं. वाळूघाटाच्या ई-लिलावात सरकार हातची किंमत ठरवतं आणि बोली आली नाही तर शांतपणे पुन्हा लिलाव काढतं, कारण कयाधूची वाळू घरी न्यावी लागत नाही. (ती अधूनमधून रात्री स्वतःच चालू लागते, हा भाग निराळा.) सोयाबीनला हमीभाव आहे, 2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये, तोही एका अर्थी सरकारने घातलेला तळ, फक्त खरेदी केंद्रावर त्याच्याआधी ओलाव्याचं यंत्र बोलतं. हळदीला तर हमीभावच नाही. तळ आपला आपणच घालायचा.

तो घालायला एक जागा आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने. थांबूनही भाव पडू शकतो, असं कुणी म्हणेल. पडू शकतोच, आणि व्याज वर द्यावं लागेल. पण गोदामात माल असलेल्याचा नकार खरेदीदार खरा मानतो, आणि ट्रॅक्टर दारात उभा असलेल्याचा मानत नाही. तेव्हा मोबाईलवर आकडा टाकण्याआधी समितीत दोन चौकशा करून घ्या: गोदामात जागा आहे का, आणि तारणाचे पैसे किती दिवसांत हातात पडतात. दोन्ही उत्तरं समाधानकारक नसतील, तर आकडा टाकण्याआधी ट्रॅक्टरवाल्याला परतीचं भाडं विचारा.