समुद्रावर कसे जावे : एमएच २६ आणि एमएच २४ साठी

समुद्रावर जायची तारीख पंचांगात बघू नये, नळाला विचारावी. जोडीदार लातूरचा असेल तर हा नियम मोडूच नये. माझा लातूरचाच आहे. मी नांदेडचा. उशाशी गोदावरी, शेजारी विष्णुपुरीचं धरण, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आमच्या अंगात थोडा माज असतो, तो मे महिन्यात उतरतो. लातूरच्या माणसाला तेवढाही परवडत नाही. मित्राच्या गल्लीत नळ आठ दिवसांतून एकदा येतो आणि त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष घरात लागतो. हौद भरला, गच्चीवरची टाकी भरली, ड्रम, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून झाला की त्याच रात्री निघावं. पुढचे सात दिवस माणूस मोकळा.

पलीकडून १ जूनची भिंत आहे. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताटात ताजा मासा हवा असेल तर मे संपायच्या आत पोचायला हवं. ७ जूनला मृग लागतो. रान बटईनं देऊन शहरात नोकरी करणाऱ्यालाही त्या सुमारास उगाच आभाळाकडं बघायची सवय असते. उरला मे, आणि मे महिन्यात लगीनसराई. सलग चार दिवस एकही लग्न नाही असा मराठवाड्यातला माणूस एक तर भांडकुदळ असतो किंवा बदली होऊन आलेला. बाकीच्यांनी आहेराची पाकिटं आगाऊ पोचती करून फोन सायलेंटवर टाकावा.

सामानात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि खिशात कांदा. कांद्यानं ऊन लागत नाही यावर डॉक्टरांचा विश्वास नसेल, आईचा असतो आणि गाडी आईच्या नजरेसमोरून निघते. अर्धापूरची केळी घेतलीच असतील तर ती लोह्याच्या आत संपवावीत, पुढं ती काळी पडतात. मित्रानं मात्र लातुरात गाडीत बसताना धपाट्यांऐवजी वीस लिटरचे दोन जार आणि एक कळशी आणली.

"मालक, काय करलालास? समुद्रावर चाललोत आपण," मी म्हणालो.

"समुद्राचं पाणी पेता येतंय का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. जार मागच्या सीटवर पट्टा लावून बसवले. कळशी माझ्या पायाशी.

रस्ता सोपा आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मग मंगळवेढा-सांगोल्यावरून मिरज, कोल्हापूर, आंबा घाट आणि रत्नागिरी. सगळं मिळून सहाशे किलोमीटरच्या आसपास. तुळजापूर टाळू नये. 'येताना दर्शन घेऊ' असं म्हणणाऱ्याची गाडी सोलापूरच्या आत पंक्चर होते, हे आमच्याकडं ज्याला-त्याला माहीत असतं. मंगळवेढ्यात ज्वारीचा विषय काढू नये. तिथली मालदांडी नावाजलेली आहे, हे मान्य करायला मित्राला पन्नास किलोमीटर लागले आणि मान्य करतानाही 'पण भाकरी आमचीच' हे शेपूट राहिलंच.

मिरजेत मात्र थांबणं सक्तीचं. सतार-तंबोऱ्यासाठी थांबणारे थांबोत, लातूरकरानं रेल्वे स्टेशनसाठी थांबावं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला पाणी इथून रेल्वेनं गेलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली : दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. गाडीचं नाव 'जलदूत'. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. मित्राच्या घरात माणसंच सहा. पाण्याला जाताना एकाला घरी ठेवावं लागायचं, असं तो अजून सांगतो. कायद्याचा हा अर्थ बरोबर आहे का, ते वकिलाला विचारावं.

स्टेशनाबाहेर उतरून तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला. मग पाणपोईवर गेला, गिलासभर पाणी प्याला आणि चूळ न भरता परत आला. मिरजेच्या पाण्यानं चूळ भरायची नाही, हा त्याचा नियम. मी तिथं टपरीवर चहा घेतला. तो पाण्याचाच असतो, पण एवढं खोलात जाऊ नये.

आंबा घाटाबद्दल एवढंच, की बालाघाटाच्या डोंगरावर आणि तुळजापूरच्या वळणांवर झालेला सराव इथं कामी येत नाही. लिंबू हुंगावं, खिडकीकडं बघावं, बोलू नये.

घाट उतरल्यावर खरी फजिती सुरू होते. आपण त्रेचाळीस अंश सोसून आलेलो, इथं फलकावर तेहतीस. छाती फुगवून 'हे काय ऊन आहे का' असं म्हणावंसं वाटतं. म्हणू नये. आपलं ऊन कोरडं, घाम यायच्या आत वाळतो. इथं हवेतच पाणी, त्यामुळे घाम जागचा हलत नाही. कूलरही चालत नाही, कारण कूलर पाणी वाळवूनच हवा गार करतो आणि इथं वाळायला जागाच नसते. मित्रानं हॉटेलवाल्याकडं कूलर मागितला. ते गृहस्थ त्याच्याकडं मायेनं बघत राहिले.

आता समुद्र. पहिल्या नजरेला 'किती टीएमसी असंल?' असं विचारू नये. विचारलं जातंच. माणूस वाळूत पाय रोवून उभा राहतो, डोळे बारीक करतो आणि मोजायला लागतो. उजनी ११७ टीएमसी, तिच्याशी ताडून बघतो आणि शेवटी म्हणतो, "उजनीपेक्षा जास्तच हाय." पुढचा प्रश्न पाईपलाईनचा. त्याला तयारीतलं उत्तर असं द्यावं : एका लिटर समुद्रात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. जलदूतच्या पहिल्या खेपेएवढं, म्हणजे पाच लाख लिटर समुद्रपाणी लातूरला नेलं तर सोबत साडेसतरा टन मीठ जाईल. या हिशेबानं मित्र खचला. मग म्हणाला, "मीठ इकता येतंय की." मी विषय माशांवर नेला.

माशांत नांदेडच्या माणसानं मरळीची आठवण काढू नये, आणि काटा घशात अडकल्यावर भाकरीचा कोरडा तुकडा मागू नये, भात मिळतो. हापूसला नावं ठेवायची असतील तर दोन पेट्या घेऊन, काच वर करून ठेवावीत.

गाडी वाळूत घालू नये. गोदावरीच्या वाळूत ट्रक फिरताना बघून मोठ्या झालेल्या नांदेडच्या माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. चाकं अर्धी रुतल्यावर एक काका आले, समुद्राकडं न बघताच म्हणाले, "पावणेपाचला भरती आहे, त्याआधी काढा." दोर लावून गाडी त्यांनीच काढून दिली. वेळ कशी कळते म्हणून विचारलं, तर त्यांनी समजावलं : भरती दिवसातून दोनदा येते, रोज पन्नासेक मिनिटं उशिरानं, त्यात चूक होत नाही.

मित्र वाळूतच बसला. "दोनदा? रोज? आन् कुणाला फोन करावा लागत नाही?"

काका हसले. त्यांना तो विनोद वाटला.

संध्याकाळी आम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे होतो, भरती वेळेवर आली होती. मित्राचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात. तो वाजला. घरून होता. तिसऱ्याच दिवशी, पाळी नसताना, गल्लीत नळ आला होता. अख्खा अरबी समुद्र भोवती घेऊन माझा मित्र ओरडत राहिला, "मोटर लाव! आधी मोटर लाव! बटन न्हाणीच्या मागं हाय... डावीकडं... तुझ्या डावीकडं!" एक लाट त्याच्या तोंडावरून गेली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

बटण सापडेपर्यंत नळ गेला होता. तेव्हा निघण्याआधी, बाकी काही जमो न जमो, मोटरचं बटण कुठं आहे ते घरच्यांना दाखवून ठेवा.